लग्न, व्हिसा आणि पुरावा

तात्पुरत्या व्हिसावर परदेशात राहणाऱ्या माणसाने त्या देशाच्या नागरिकाशी लग्न केले तर त्याला तेथे राहता येते काय, हा प्रश्न आज वकिलाच्या कचेरीत विचारला जातो आणि त्याचे उत्तर अर्जांच्या क्रमांकांत मिळते. महाराष्ट्रातील कित्येक घरांना ही भाषा आता परकी राहिलेली नाही. एच-वन, एफ-वन, ग्रीनकार्ड हे शब्द लग्नाच्या बोलणीतही सहज येऊन जातात. परंतु या अर्जांच्या रकान्यांमागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा एक वाद आहे आणि तो विवाह म्हणजे काय याविषयीचा आहे. आम्ही येथे अमेरिकेचे उदाहरण घेत आहोत, कारण तेथील कायद्याला हा प्रश्न वारंवार पडला आणि तेथील न्यायालयांनी आपली उत्तरे लिहून ठेवली.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी राज्यसंस्था विचारत होती, ही स्त्री कोणाची? शतकाच्या अखेरीस ती विचारू लागली, हे लग्न खरे आहे काय? पहिल्या प्रश्नातला अन्याय आज कोणालाही दिसतो. दुसरा प्रश्न मात्र इतका वाजवी वाटतो की त्याची किंमत कोण मोजतो इकडे आपले लक्ष जात नाही.

१९०७ सालच्या अमेरिकी कायद्याने ठरवले की परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री पतीचे नागरिकत्व घेते आणि स्वतःचे गमावते. परदेशी स्त्रीशी लग्न करणाऱ्या अमेरिकन पुरुषाचे काहीच बिघडत नसे. याच काळात ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते. त्यांनी तेथे एखाद्या अमेरिकन सहाध्यायिनीशी लग्न केले असते, तर ती आपल्याच गावात राहून ब्रिटिश प्रजा झाली असती. कारण केतकर ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते. पुढे १९२० साली त्यांनी ईडिथ कोहन यांच्याशी विवाह केला. त्या शीलवतीबाई झाल्या आणि 'मीच हे सांगितलं पाहिजे' या आत्मकथनामुळे मराठी वाचकांना परिचित आहेत. पत्नीचे नाव बदलणे हा कुटुंबाचा निर्णय असतो. १९०७ च्या कायद्यात मात्र पत्नीचा देश सरकार बदलत होते.

कॅलिफोर्नियात जन्मलेल्या एथेल मॅकेंझी यांनी १९०९ साली एका ब्रिटिश प्रजाजनाशी लग्न केले. १९११ साली त्या राज्यात स्त्रियांना मताधिकार मिळाला. त्या मतदारयादीत नाव घालण्यास गेल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की तुम्ही आता अमेरिकन राहिलेल्या नाही. १९१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले. न्यायालयाचा युक्तिवाद असा की लग्न त्यांनी स्वेच्छेने केले होते आणि त्याचे परिणाम त्यांना ठाऊक असावयास हवे होते. हा युक्तिवाद वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

१९२२ च्या केबल कायद्याने ही तरतूद बव्हंशी रद्द केली, पण एक फट ठेवून. पती वंशाच्या कारणाने नागरिकत्वास अपात्र असेल, तर पत्नीचे नागरिकत्व जाणारच होते. पुढच्याच वर्षी, १९२३ साली, भगतसिंग ठिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे कायद्याच्या अर्थाने 'गोरे' नव्हेत असा निर्णय दिला आणि भारतीय पती या फटीत सापडले. तारकनाथ दास १९१४ साली अमेरिकन नागरिक झाले होते. ठिंड निकालानंतर सरकारने त्यांच्या नागरिकत्वावर कारवाई आरंभली, त्याबरोबर त्यांच्या अमेरिकन पत्नी मेरी दास यांचे नागरिकत्वही धोक्यात आले. लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही हीच वेळ आली. पंडितांनी ठिंड यांची बाजू मांडली होती. आता स्वतःची मांडताना त्यांनी आपल्या अमेरिकन पत्नीवर ओढवणारी हानीही न्यायालयापुढे ठेवली. १९२६ साली फेडरल अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील दाखल करून घेण्यास नकार दिला. केबल कायद्यातील फट १९३१ साली बुजवण्यात आली.

येथवर प्रश्न नागरिकत्वाचा होता. देशात राहू देण्याचा प्रश्न १९२४ च्या स्थलांतर कायद्याने धारदार केला. या कायद्याने प्रत्येक देशासाठी कोटा ठरवला आणि अमेरिकन पुरुषाच्या परदेशी पत्नीला कोट्याबाहेर ठेवले. अमेरिकन स्त्रीच्या परदेशी पतीला ही सवलत नव्हती. शिवाय जी पत्नी वंशाने नागरिकत्वास अपात्र, तिला सवलत असूनही दार बंद होते: १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन नागरिकांच्या चिनी पत्नींना प्रवेश नाकारणे वैध ठरवले.

तात्पुरता रहिवासी आणि कायमचा रहिवासी हा भेदही आता पक्का झाला. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्या माणसाने लग्न केले, तरी कायमचा व्हिसा मिळवण्यासाठी त्याला देश सोडून परत यावे लागे. या फेऱ्याचा जाच कमी व्हावा म्हणून १९३५ पासून एक युक्ती रूढ झाली. अर्जदाराची तपासणी अमेरिकेतच आधी उरकून घ्यावयाची, मग त्याने शेजारच्या कॅनडात जाऊन तेथील अमेरिकी वकिलातीतून व्हिसा घ्यावयाचा आणि परत यावयाचे. १९५२ च्या कायद्याने देशात राहूनच दर्जा बदलून घेण्याची सोय केली. त्याच कायद्याने 'पत्नी' या शब्दाच्या जागी पती-पत्नी दोघांनाही लागू पडणारा शब्द आणला आणि अमेरिकन स्त्रीच्या पतीलाही कोट्याबाहेर जागा मिळाली. आज तात्पुरत्या व्हिसावरचा जोडीदार जो अर्ज भरतो, त्याचे मूळ येथे आहे.

दुसरी वाट महायुद्धातून निघाली. डिसेंबर १९४५ मध्ये सैनिकांच्या परदेशी पत्नींसाठी खास कायदा झाला. १९४६ साली सैनिकांच्या वाग्दत्त वधूंनाही तीन महिन्यांसाठी येण्याची मुभा मिळाली. तेवढ्या अवधीत लग्न करावयाचे, नाहीतर परत जावयाचे. १९७० साली सर्व नागरिकांच्या वाग्दत्त जोडीदारांसाठी के-वन व्हिसा निघाला, त्याची मुदतही नव्वद दिवसांचीच आहे. सैनिकी घाईगर्दीत ठरलेली मर्यादा शांततेच्या काळातील प्रेमिकांना अशी वारशाने मिळाली.

सवलत आली की तिचा गैरफायदा घेणारे येतात आणि त्यांच्यापाठोपाठ संशय येतो. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे लुटवाक खटला आला. युद्धोत्तर पॅरिसमध्ये काही निर्वासितांची माजी अमेरिकन सैनिकांशी केवळ प्रवेशापुरती लग्ने लावण्यात आली होती. ती लग्ने फ्रेंच कायद्याने वैध असतील, पण एकत्र संसार करण्याचा हेतूच नव्हता, म्हणून न्यायालयाने आरोपींची शिक्षा कायम केली. विधी यथासांग झाला एवढे आता पुरेसे राहिले नाही. विधी करणाऱ्यांच्या मनात काय होते तेही शासनाला पाहावयाचे होते. १९७५ साली बार्क खटल्यात अपील न्यायालयाने ही कसोटी नेमकी केली: लग्न करतेवेळी दोघांचा एकत्र आयुष्य उभारण्याचा हेतू होता काय? पुढे दोघे विभक्त झाले, एवढ्यावरून आधीचा हेतू खोटा ठरत नाही, असेही त्या न्यायालयाने बजावले. ही कसोटी उदार आहे, पण तिला हवा असलेला हेतू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कागद गोळा होऊ लागले. पती-पत्नीला वेगवेगळे बसवून तेच प्रश्न विचारावयाचे आणि उत्तरे ताडून पाहावयाची, या पद्धतीला १९७६ च्या न्यूयॉर्कमधील खटल्यावरून स्टोक्स मुलाखत असे नाव पडले.

१९८५ साली स्थलांतर खात्याच्या प्रमुखांनी सिनेटच्या समितीला सांगितले की अशा विवाहांपैकी सुमारे ३० टक्के बनावट असतात. पुढे एका खटल्यात या आकड्यामागची पाहणी संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारी नव्हती हे उघड झाले. परंतु तोवर १९८६ चा कायदा होऊन गेला होता. लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर ग्रीनकार्ड सशर्त मिळते, आणि दोन वर्षे भरण्याच्या आधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करून लग्न टिकून असल्याचे दाखवावे लागते, हा नियम तेव्हाचा. फसव्या आकड्याच्या आधारे आलेला हा नियम आजही चालू आहे.

'मिळून' या शब्दात सत्ता दडलेली होती. सही करावयाची की नाही हे नागरिक जोडीदाराच्या हाती आले आणि मारहाण सोसणाऱ्या स्त्रीपुढे घर सोडणे म्हणजे देश सोडणे असा पेच उभा राहिला. १९९० साली अशा स्त्रीला एकटीने अर्ज करण्याची मोकळीक मिळाली. १९९४ च्या कायद्याने तिला पतीच्या नकळत मूळ अर्जही करता येऊ लागला. पती नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल तरच हा मार्ग खुला आहे. पती स्वतःच तात्पुरत्या एच-वन व्हिसावर असेल तर एच-फोर व्हिसावरच्या पत्नीला तो नाही. तिचे तेथील अस्तित्व पतीच्या नोकरीला बांधलेले राहते. यांतल्या काहींना नोकरीचा परवाना २०१५ पासून मिळू लागला, तोही पतीचा ग्रीनकार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोचल्यानंतरच. १९०७ च्या कायद्यातील स्त्री येथे वेगळ्या पोशाखात पुन्हा भेटते.

साहित्याच्या अभ्यासकांना या व्यवहारात एक ओळखीची गोष्ट दिसेल. जोडप्याने सादर करावयाची फाइल हे एक संहितालेखनच आहे. संयुक्त बँकखाते, घराचा भाडेकरार, सहलींची छायाचित्रे, मित्रांची प्रतिज्ञापत्रे. यांतून एक सुसंगत कथा उभी करावयाची आणि अधिकाऱ्याने तिचे वाचन करावयाचे. या वाचकाची अभिरुची ठरलेली आहे. त्याला आरंभ, प्रणय, निश्चय आणि संसार असा क्रम अपेक्षित असतो. आपल्याकडील ठरवून झालेल्या लग्नात हा पूर्वार्ध फार तर कांदेपोह्यांच्या एका दुपारीत आटोपलेला असतो. १९८६ च्या कायद्याने वाग्दत्तांनी अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले असावे अशी अट घातली, आणि लग्नापूर्वी भेटणे ज्या समाजात निषिद्ध आहे त्याच्यासाठी अपवादही ठेवला. अपवाद ठेवावा लागला यातच कायद्याच्या मनातील नमुनेदार प्रेमकथा कोणती होती हे कळते. शिवाय सुसंगती हे सत्याचे लक्षण मानणे ही वाचनातली जुनी चूक आहे. बनावट जोडपे उत्तरे पाठ करून येते. खऱ्या नवराबायकोची साध्या घरगुती तपशिलावरही दोन मते असू शकतात.

आणि कथा कितीही सुसंगत असली तरी वाचकाने ती वाचण्याचेच नाकारले तर? ऑस्ट्रेलियाचे अँथनी सलिव्हन पर्यटक व्हिसावर अमेरिकेत होते. एप्रिल १९७५ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे त्यांनी अमेरिकन नागरिक रिचर्ड ॲडम्स यांच्याशी रीतसर परवाना घेऊन विवाह केला. ॲडम्स यांनी पतीसाठी अर्ज केला, त्यावर खात्याने समलिंगी पुरुषांसाठीचा एक हीन शब्द वापरून नकार कळवला. १९८२ साली अपील न्यायालयात ते हरले. १९९६ च्या कायद्याने असे विवाह केंद्र सरकारच्या लेखी अस्तित्वातच ठेवले नाहीत. २०१३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली, पण ॲडम्स २०१२ च्या अखेरीस वारले होते. सलिव्हन यांना ग्रीनकार्ड मिळाले ते २०१६ साली, दिवंगत पतीच्या त्याच जुन्या अर्जाच्या आधारे. एकत्र आयुष्य उभारण्याचा हेतू याहून अधिक कोणी सिद्ध केला असेल असे आम्हांला वाटत नाही. तो सिद्ध होत असताना तपासण्याची तयारी मात्र शासनाची नव्हती.

आज उपलब्ध असलेले पर्याय या इतिहासाचे थर आहेत. नागरिकाच्या जोडीदाराला कोट्याची रांग नाही. तो रीतसर तपासणी होऊन देशात आला असेल तर मुदत संपल्यानंतरही त्याला सहसा तेथेच दर्जा बदलता येतो. ग्रीनकार्डधारकाच्या जोडीदाराला रांग आहे आणि तोवर आपला व्हिसा सांभाळावा लागतो. एच-वनवाल्याने कायम राहण्याची इच्छा बाळगणे १९९० पासून दोष मानला जात नाही. विद्यार्थ्याने मात्र व्हिसा घेताना परत जाण्याचा हेतू सांगावयाचा असतो. जो तपासणीविना आला त्याला बहुधा बाहेर जाऊनच व्हिसा मागावा लागतो, आणि बाहेर पाऊल टाकताच १९९६ च्या कायद्यातील तीन किंवा दहा वर्षांची प्रवेशबंदी त्याच्यावर लागू होऊ शकते.

२०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सँड्रा मुन्योझ या अमेरिकन नागरिक स्त्रीच्या खटल्याचा निकाल दिला. त्यांच्या साल्वादोरी पतीला वकिलातीने व्हिसा नाकारला होता. त्यांचा विवाह खरा आहे याबद्दल वाद नव्हता. तरीही न्यायालयाने म्हटले की परदेशी जोडीदाराला देशात आणणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे. लग्न करण्याचे स्वातंत्र्य तुमचे, परिणाम तुमचे: एथेल मॅकेंझी यांना १९१५ साली ऐकावे लागलेले तत्त्व येथे निराळ्या शब्दांत ऐकू येते. 'ही स्त्री कोणाची?' हा प्रश्न गेला. 'हे लग्न खरे आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आले, आणि ते उत्तरही पुरले नाही. मुन्योझ नागरिक होत्या, आपल्याच देशात होत्या, त्यांच्या राहण्याला कोणतीही मुदत नव्हती. पतीबरोबर एका घरात राहावयाचे असेल, तर तो देश सोडणे एवढाच पर्याय त्यांच्यापुढे उरला होता.