सायबाचा गोळा

गवताचा भारा घेऊन पन्हाळा चढताना आज्जा चार दरवाजाच्या पडक्या दगडांवर टेकायचा. म्हणायचा, "लेका, शिवाजीम्हाराजांच्या वक्ताला सायबानं हितं गोळं टाकलं." मला ती थाप वाटायची.

पुढं वाचलं तेव्हा कळलं, म्हातारा खरं बोलत होता. १६६० साली सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन आला आणि इंग्रजी निशाण लावून त्यानं गडावर मारा केला. १६०० साली लंडनमध्ये निघालेली ही व्यापारी कंपनी. तिला तेव्हा गड नको होता, गिऱ्हाईक हवं होतं. गोळा हाही मालच.

१६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटली, रेव्हिंग्टनला कैद केलं. त्या लुटीची भरपाई कंपनी पुढं कित्येक वर्षं मागत राहिली. गडावरच्या गोळ्यांची भरपाई कोण कुणाला देणार?

१८४४ साली गडकऱ्यांचं बंड मोडायला तीच कंपनी फौज घेऊन आली. या खेपेला गड घेतला, चार दरवाजाही पाडला.

आता श्रीमंत देश आणि गरीब देश यांचा हिशोब कुणी मांडायला लागलं, की मला वखारीची वही आठवते, आणि तिच्यात न चढलेले आज्जाचे गोळे.