भागीदारी पेढीचे फौजदारी दायित्व (मालवाहतूक)

नियम मोडणारे वाहन भागीदारी पेढीचे असल्यास चालकाखेरीज आणखी कोण गुन्हेगार ठरतो, हे सांगणारी तरतूद. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १९९ हा तिचा आधार. कलमाचा मथळा कंपन्यांच्या गुन्ह्यांचा असला, तरी त्याच्या स्पष्टीकरणानुसार ‘कंपनी’त पेढी येते आणि पेढीचा भागीदार संचालकाच्या जागी धरला जातो.

भांडुप आणि मुलुंड यांमधल्या नाहूरसारख्या भागात हा प्रश्न रोजच्या धंद्यातला आहे. लालबहादूर शास्त्री मार्गालगतचे गाळे, जवळच पूर्व द्रुतगती महामार्ग आणि ऐरोलीचा पूल. इथे टेम्पो-ट्रक चालवणाऱ्या पेढीत दोन भाऊ आणि एक मेहुणा असतात. कागदावर कधी आईचेही नाव असते. गाडी वडाळ्याच्या आरटीओत नोंदलेली, पाटी एमएच-०३ ची. ती वजनकाट्यावर ओव्हरलोड निघाली, तर आईवरही खटला चालेल का?

भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम २५ नुसार पेढीच्या देण्यांना सगळे भागीदार एकत्र आणि वेगवेगळेही बांधलेले असतात. फौजदारीत हा न्याय चालत नाही. कलम १९९ नुसार पेढी दोषी ठरतेच. तिच्याबरोबर गुन्हा घडला त्या वेळी कारभार ज्याच्या हाती होता आणि त्यासाठी जो पेढीला जबाबदार होता, तोही. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे त्याने सिद्ध केल्यास तो सुटतो. इतर भागीदारांची संमती, संगनमत किंवा हयगय मात्र सरकार पक्षाने सिद्ध करावी लागते. ‘शामसुंदर विरुद्ध हरियाणा राज्य’ (१९८९) हा निवाडा तांदळाच्या गिरणीचा आणि अत्यावश्यक वस्तू कायद्याखालचा. पण त्या कायद्याच्या कलम १० चे शब्द जवळपास हेच आहेत. नुसते भागीदार असणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. तेव्हा केवळ नावापुरती असलेली आई सुटावी.

आरसी बुक एखाद्या भागीदाराच्या वैयक्तिक नावावर असेल, तर मात्र त्याला दुसऱ्या बाजूनेही धोका आहे. कलम ११३(४) नुसार जादा वजनाच्या गुन्ह्यात चालक मालक नसल्यास, गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला असे न्यायालय गृहीत धरू शकते. गाडी कोणाच्या नावे घ्यायची हे बहुधा कर्जाच्या सोयीने ठरते. या कलमाचा विचार त्या वेळी क्वचितच होतो.

२०१९ च्या दुरुस्तीपासून कलम १९४ खाली दंड २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,००० आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. पाच टन जादा भरले, तर ३०,००० रुपये. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही.

मर्यादित दायित्व भागीदारी (२००८ चा अधिनियम) ही निगमित संस्था असल्याने तीही कलम १९९ खाली येते.

तरतूद इतकी बारकाईने रचलेली असली, तरी कलम २०० मुळे हा गुन्हा तडजोडयोग्य आहे. चलान भरले की प्रकरण मिटते आणि गाडी जास्त भरायला कोणी सांगितले, हे विचारण्याची वेळच न्यायालयावर येत नाही.