मुळशीचा पाऊस: कचेरीतले पर्जन्यमापक आणि उतारावरची शेती

पुण्याच्या तापमानाच्या बातम्यांत शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव यांच्या जोडीने लवळ्याचे नाव आता नित्याचे झाले असून, मुळशी तालुक्याच्या पूर्व कडेवरील या गावातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची, म्हणजे माणसाच्या मदतीवाचून नोंद घेऊन ती परस्पर पाठवणाऱ्या यंत्रणेची, आकडेवारी शहरातील वाचकाला सहज मिळते. त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणी येथे 25 जुलै 2024 रोजी चोवीस तासांत 556 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, तर शिवाजीनगरात त्याच काळात सुमारे 114 मिलिमीटर पडला. इतक्या थोड्या अंतरात पाऊस असा पाचपटींनी बदलत असेल, तर ‘पुणे जिल्हा’ या एका नावाखाली दिलेला अंदाज नेमका कोणाच्या शेताचा, हा प्रश्न मुळशीत फार जुना आहे.

भारतीय हवामान खात्याची स्थापना 1875 साली झाली आणि 1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर सरकारला मान्सूनचा आगाऊ अंदाज हवासा वाटू लागल्याने 1886 साली असा पहिला अंदाज प्रसिद्ध झाला. तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापक बसवून तेथील नोंद वर पाठवण्याची जी पद्धत रूढ झाली, तिचा हेतू मुख्यतः महसुली होता: पीक किती आले याची आणेवारी (सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, या हिशेबाने केलेला अंदाज) ठरवताना आणि सारा तहकूब किंवा माफ करताना पावसाचा आकडा लागत असे. हे पर्जन्यमापक कचेरीच्या आवारात असल्याने त्यांत डोंगरउतारावरचा पाऊस पडत नव्हता. नाचणी, वरी आणि कारळे पिकवणाऱ्या या उताराच्या जमिनीला वरकस म्हणतात. तिचा सारा हलका, आणि म्हणून तिच्याकडे पाहणारी नजरही हलकीच राहिली. महादेव कोळी, गवळी धनगर आणि कातकरी या संख्येने थोड्या समाजांचा शेतीशी संबंध बहुतांशी अशाच जमिनीतून किंवा दुसऱ्याच्या भातखाचरातील मजुरीतून येत असे, हे लक्षात घेतल्यास मोजमापातील ही पोकळी सामाजिकही होती असे म्हणावे लागते.

या शेतकऱ्यांना पावसाची कोणती माहिती हवी असते, हे राब या पद्धतीवरून उत्तम कळते. भाताचे रोप तयार करण्याच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या, गवत आणि शेण यांचे थर देऊन ते उन्हाळ्यात भाजतात, मग त्या राखेच्या जमिनीत कधी पहिल्या पावसानंतर, तर कधी पावसाआधीच धूळवाफेवर बी पेरतात आणि तीन-चार आठवड्यांनी रोप उपटून आवणी, म्हणजे लावणी, करतात. वळवाचा पाऊस राब भाजण्याआधी आला तर राब भिजून जळत नाही. पेरणीनंतर मृगाने दडी मारली तर उगवलेले कोंब करपतात. आणि आवणीच्या वेळी खाचरात पाणी नसेल तर रोप जागीच म्हातारे होते. हंगामात सरासरीच्या किती टक्के पाऊस पडेल हा आकडा या तिन्ही प्रसंगी निरुपयोगी ठरतो. म्हणूनच नक्षत्रांचे पंचांग, त्यातील हत्ती, बेडूक, म्हैस ही वाहने, बहाव्याचा फुलोरा आणि पावशाची साद यांवर भिस्त ठेवली गेली. या खुणा चुकत नसत असे नाही, पण त्या कामाच्या दिवसांच्या भाषेत बोलत, हे त्यांचे मोठेपण होय.

दरम्यान हवामान खात्याचे मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यास आले, 1932 साली डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली येथे कृषी हवामानशास्त्र विभाग सुरू झाला आणि 1945 पासून शेतकऱ्यांसाठी आकाशवाणीवर हवामान वार्तापत्र प्रसारित होऊ लागले. हे काम थोर होते. पिकाच्या उंचीवरची हवा आणि जमिनीतील ओल यांचा अभ्यास देशात याच शहराने रुजवला. तरीही रेडिओ ज्याच्या घरी त्यालाच वार्तापत्र, हा क्रम पुढेही टिकला. कृषी हवामान सल्ला 1976 पासून राज्यपातळीवर आणि 2008 पासून जिल्हापातळीवर, दर मंगळवारी व शुक्रवारी, निघू लागला, पण पावसात मोठा फरक असलेली ताम्हिणी आणि बारामती एकाच जिल्ह्यात येतात. 2018 पासून देशभर उभारलेली जिल्हा कृषी हवामान केंद्रे 2024 साली बंद करण्यात आली, हे या इतिहासातील दुःखद वळण मानले पाहिजे, कारण अंदाजाचे पिकाच्या भाषेत रूपांतर करणारा माणूस तेथेच बसत असे.

महाराष्ट्रात 2017 पासून महावेध प्रकल्पाने महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे उभी केली आणि नुकसानीचे व विम्याचे निर्णय त्यांच्या नोंदींशी जोडले गेले. मात्र त्या नोंदीचा लाभ मागताना सातबारा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा व पिकाचा उतारा, पुढे करावा लागतो. वाट्याने शेती करणाऱ्याच्या नावावर तो नसतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा अनेकदा वेगळ्या नोंदीत राहतो. आणि उन्हाळ्यात वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबे पावसाच्या तोंडावर परततात, तोवर राबाचे दिवस उलटलेले असतात. ऑक्टोबर 2024 पासून ग्रामपंचायतीच्या पातळीवर अंदाज मिळू लागला असला, तरी डोंगरावरची वाडी आणि तिच्या पायथ्याची खाचरे बहुधा एकाच ग्रामपंचायतीत मोडतात, आणि त्या दोहोंसाठी अंदाज अजूनही एकच असतो.