खंडणी कुणाला दिली?

मराठी बायबलमध्ये मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय १०, वचन ४५ काढून बघा. येशू स्वतःच्या मृत्यूबद्दल बोलतोय आणि त्यासाठी शब्द आलाय ‘खंडणी’. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी दचकलेच. आपल्याला आज खंडणी म्हटलं की गुंड आठवतो, फार तर शहर लुटू नये म्हणून मराठेशाहीत वसूल होणारी रक्कम. मूळ ग्रीक शब्द ‘लुट्रॉन’, म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायला मोजायची किंमत.

आता किंमत म्हटली की ती घेणारा कोण, हा प्रश्न येतोच. मार्क ते सांगत नाही. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने उत्तर दिलं: सैतानाला. माणूस त्याच्या ताब्यात होता. येशूच्या मानवी देहाच्या आमिषाला सैतान भुलला आणि आत लपलेल्या देवत्वाच्या गळाला लागला. त्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला हे अजिबात पटलं नाही. दरोडेखोराला देवाचीच किंमत द्यायची? बरं, पित्याला दिली म्हणावं, तर आपण त्याच्या कैदेत कुठे होतो? आणि ज्याने अब्राहामाच्या हातून इसहाकाचा बळी घेतला नाही, मेंढा घेतला, त्याला स्वतःच्या मुलाचं रक्त कसं आवडेल?

१०९८ मध्ये कॅंटरबरीचा आर्चबिशप आन्सेल्म याने ‘कुर देउस होमो’ हा ग्रंथ पूर्ण केला आणि सैतानाचा हक्कच नाकारला. त्याच्या मते माणसाने पापाने देवाचा मान हिरावलाय. ती भरपाई माणसानेच करायची, पण ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला. मान आणि भरपाईची ही भाषा सरंजामी समाजातली की चर्चमधल्या प्रायश्चित्ताच्या प्रथेतली, यावर अभ्यासक अजून भांडतात. पुढे काही दशकांतच पीटर आबेलार्डने वेगळाच सूर लावला. त्याचा भर होता तो त्या मृत्यूतून दिसणाऱ्या आणि माणसाच्या मनात प्रेम जागवणाऱ्या देवाच्या प्रेमावर.

हे सगळं सांगतेय कारण माझ्या पहिल्या प्रकरणात मी बिनधास्त लिहिलं होतं, “ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशूने मानवजातीच्या पापाची भरपाई केली.” मार्गदर्शकांनी समासात दोनच शब्द लिहिले: “कोणत्या शतकात?” मी आन्सेल्मचं उत्तर उचलून हजार वर्षं आधीच्या लोकांच्या तोंडी घातलं होतं. ‘आमच्यासाठी’ क्रुसावर खिळला गेला, एवढं ३८१ च्या श्रद्धासूत्रात आहे. ‘आमच्यासाठी’ म्हणजे नेमकं कसं, हे त्यात ठरवलेलं नाही. तुम्हीही “ख्रिस्ती लोक मानतात की” असं वाक्य सुरू केलंत, तर पेन थांबवा आणि कोण, कुठे, कधी ते आधी लिहा.

मी ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय. नाझियान्झसच्या त्या मेंढ्यापाशी गाडी अजून अडलेली आहे.