वाट कोणी द्यायची?

एम.ए.च्या वर्गात सोफोक्लीसचे 'राजा ईडिपस' शिकवताना नियती, आत्मज्ञान, शोकात्म दोष हे नेहमीचे मुद्दे मांडून होतात आणि टिपणे उतरवून घेतली जातात. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, "पण सर, तो नुसता बाजूला का झाला नाही?" वर्ग हसला. मीही हसलो आणि 'तसे झाले असते तर नाटकच झाले नसते' असे एक ठरीव उत्तर देऊन पुढे गेलो. उत्तर चुकीचे नव्हते, पण ते प्रश्नाचे उत्तरही नव्हते.

प्रसंग आठवून पाहू. ईडिपस तो योकास्टेला स्वतः सांगतो. डेल्फीहून तो एकटा, पायी निघाला आहे. फोकिस प्रांतात तीन रस्ते एकत्र येतात. कोकणात अशा जागेला तिठा म्हणतात. समोरून घोड्यांची गाडी येते, तिच्यापुढे भालदार. भालदार आणि गाडीतला म्हातारा मिळून त्याला बळाने रस्त्याबाहेर काढू पाहतात. ईडिपस संतापून आपल्याला ढकलणाऱ्या गाडीवानाला तडाखा देतो. म्हातारा दबा धरल्यासारखा थांबतो आणि हा गाडीच्या बगलेने जाऊ लागताच दुटोकी पराणी त्याच्या डोक्यात हाणतो. त्याची फेड बरोबरीने झाली नाही, हे ईडिपसच कबूल करतो. हातातल्या काठीच्या एका फटक्यात म्हातारा गाडीतून उताणा खाली पडतो आणि मग उरलेल्यांचीही कत्तल होते. पाच जणांपैकी एकच जिवंत सुटतो. थेब्जला पोचल्यावर तो सांगतो, की दरोडेखोरांच्या टोळीने आम्हांला गाठले.

या हकिगतीत दैवाने फक्त म्हातारा कोण आहे ते ठरवले आहे. बाकीचे सगळे आपण कोणत्याही नाक्यावर पाहतो: अरुंद रस्ता, दोघांच्याही मनात स्वतःच्या दर्जाची घमेंड, आणि दोघांच्याही हातात काहीतरी. आजच्या भाषेत याला 'रोड रेज' म्हणतात. १९८७च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या महामार्गांवर एका गाडीतून दुसऱ्या गाडीवर गोळ्या झाडण्याचे प्रकार घडले आणि त्या सुमारास हा शब्द प्रचारात आला. मराठीत याला नेमका शब्द नाही, मात्र 'माझ्या वाटेला जाऊ नकोस' या आपल्या धमकीत तो सगळा प्रकार आधीच येऊन गेला आहे.

वाट कोणी कोणाला द्यायची, याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात यादीच दिली आहे: वाहनात बसलेला, नव्वदीपुढचा वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव यांना वाट द्यावी, हे सारे एकत्र आले तर स्नातक व राजा यांना मान, आणि त्या दोघांत स्नातकाला. यादीचा पूर्वार्ध शहाणपणाचा आहे, कारण ज्याला बाजूला होणे जड जाते त्याला वाट मिळते. उत्तरार्ध मात्र सरळ सरळ दर्जाचा आहे. शिवाय जे या यादीत येऊच शकत नव्हते, त्यांच्या वाट्याला रस्ताच नव्हता. वैकमच्या देवळाभोवतालच्या रस्त्यांवरून नुसते चालता यावे म्हणून १९२४ साली सत्याग्रह करावा लागला, एवढे स्मरण पुरे. 'रस्ता माझा आहे' हे वाक्य आपल्याकडे कधीच केवळ वाहतुकीचे नव्हते.

महाभारताच्या आदिपर्वात याच प्रश्नावर एक विलक्षण आख्यान आहे. वर्गात ते सहसा कोणी शिकवत नाही. इक्ष्वाकुकुळातला राजा कल्माषपाद शिकारीहून परतताना भुकेने, तहानेने कासावीस झाला आहे. वाट एका माणसापुरती. समोरून वसिष्ठांचा थोरला मुलगा शक्ती येतो. 'आमच्या वाटेतून दूर हो,' असे राजा म्हणतो. शक्ती शांतपणे उत्तरतो, की वाट माझी आहे, राजाने ब्राह्मणाला वाट द्यावी हा सनातन धर्म आहे. दोघेही हटत नाहीत. अखेर राजा हातातला चाबूक शक्तीवर चालवतो. शक्ती शाप देतो, की तू नरभक्षक राक्षस होशील. राजा राक्षस होतो, आणि त्याचा पहिला घास ठरतो तो शक्तीच. मागोमाग वसिष्ठांचे उरलेले पुत्र.

शास्त्र शक्तीच्या बाजूचे आहे. मनूची यादीही त्याच्याच बाजूने कौल देईल. त्याचा आवाजही आधी मृदू आहे. परंतु तो निःशस्त्र नाही, याची नोंद आख्यान ठेवते. राजाकडे चाबूक आहे, याच्याकडे शाप आहे, आणि शाप हा चाबकापेक्षा कितीतरी लांब पल्ल्याचा. (शक्ती हे एका अस्त्राचेही नाव आहे. यातून फार अर्थ काढू नये, पण योगायोग बोलका आहे.) पुढे शक्तीचा मुलगा पराशर मोठा होतो, बापाची हकीगत कळल्यावर राक्षससत्र मांडतो आणि दोष नसलेले राक्षसही अग्नीत पडू लागतात. तेव्हा पुलस्त्य येऊन त्याला जे सांगतात ते मला साऱ्या आख्यानाचा गाभा वाटते. शक्तीला खाण्याची कोणाही राक्षसाची ताकद नव्हती. तुझा पिता त्याच्या स्वतःच्या दोषाने गेला. विश्वामित्र आणि कल्माषपाद हे केवळ निमित्त. हे ऐकून पराशर सत्र थांबवतो. याच पराशरांचे पुत्र व्यास. म्हणजे ज्याच्या नावावर महाभारत आहे त्याचे आजोबा वाटेवरच्या भांडणात मेले, आणि त्या ग्रंथाने दोष आजोबांच्याही पदरात घातला. राजा निर्दोष आहे असा याचा अर्थ नव्हे. चाबूक त्याने मारला आणि बारा वर्षे तो राक्षस म्हणून हिंडला. ग्रंथाचे म्हणणे इतकेच दिसते, की ज्याच्यापाशी जीव घेण्याचे साधन आहे त्याला आपली बाजू बरोबर असणे पुरत नाही.

राजोवाद जातकात हीच पेचाची जागा आहे आणि तिथे कोणी मरत नाही. काशीचा राजा आणि कोसलचा मल्लिक यांचे रथ खोलगट वाटेत समोरासमोर येतात. सारथी वय, राज्य, सैन्य, संपत्ती, कुळ सगळे ताडून पाहतात; सगळे सारखेच भरते. शेवटी शीलाची तुलना होते. मल्लिकाचा सारथी अभिमानाने सांगतो, की आमचा राजा कठोराशी कठोर, मृदूशी मृदू. काशीचा सारथी म्हणतो, हे जर त्याचे गुण असतील तर दोष कोणते? आमचा राजा रागाला अक्रोधाने जिंकतो. मल्लिक आणि त्याचा सारथी खाली उतरतात, घोडे सोडतात, रथ बाजूला ओढतात. कथा बोधपर आणि जरा गुळचट आहे, मान्य. तरीही 'जशास तसे' हा शूराचा गुण न मानता उणेपणा मानणारी ती कथा आहे.

आता पुन्हा ईडिपसकडे. 'कोलोनसमधील ईडिपस' हे नाटक कवीच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ४०१ मध्ये रंगभूमीवर आले. त्यात म्हातारा, आंधळा ईडिपस क्रेऑनला विचारतो, की आत्ता इथे कोणी तुला ठार मारायला आला, तर तू आधी 'हा माझा बाप आहे का' अशी चौकशी करशील, की उलटा वार करशील? बिनतोड युक्तिवाद आहे, फक्त मूळ हकीगत तशी नव्हती. आधीच्या नाटकातल्या त्याच्याच कथनात त्याला ठार मारायला कोणी आले नव्हते. त्याला ढकलले होते आणि पहिला तडाखा त्याने दिला होता. दोन कथनांच्या दरम्यान कुठेतरी ढकलाढकली गळाली आणि उरला तो फक्त स्वसंरक्षणाचा क्षण. ईडिपस खोटे बोलतो असे मी म्हणणार नाही. स्वतःबरोबर जगता यावे म्हणून माणूस आठवण अशीच घडवतो.

अथेन्सच्या प्रेक्षकांना हा फरक कळत असणार. इ.स.पू. ६२१च्या सुमाराचा ड्रॅकोचा मनुष्यवधाचा कायदा इ.स.पू. ४०९-०८ मध्ये पुन्हा दगडावर कोरला गेला; तो भंगलेला शिलालेख आजही अथेन्समध्ये आहे. हात आधी कोणी उगारला, हा प्रश्न त्यात आहे. अँटिफोनच्या नमुना-भाषणांतील एक चौकडी तर याच पेचावर रचलेली आहे: म्हाताऱ्याने आधी मारले, तरुणाने उलट मारले, म्हातारा मेला; आता खुनी कोण?

इंग्लंडच्या जुन्या कायद्याने एक पायरी पुढची सांगितली होती. अचानक उसळलेल्या भांडणात, शक्य तोवर मागे हटा, पाठ भिंतीला टेकली तरच जीव घ्या. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात ही पायरी ढासळू लागली. ओहायो (१८७६) आणि इंडियाना (१८७७) येथील न्यायालयांनी ठरवले, की निरपराध माणसावर पळ काढण्याचे बंधन नाही. १९२१ साली न्यायमूर्ती होम्स यांनी म्हटले, की समोर सुरी उगारलेली असताना माणसाकडून थंड डोक्याच्या विचाराची अपेक्षा करता येत नाही. हे खरेच आहे, पण सुरी उगारली जाण्यापूर्वीच्या मिनिटाविषयी ते काही सांगत नाही. पुढे फ्लोरिडाच्या २००५च्या कायद्याने माणूस बसलेले वाहन घराच्या ओळीत नेऊन ठेवले. कोणी बेकायदा, बळाने आत घुसू लागला तर आतल्याची भीती रास्तच धरली जाते. शिवाय जिथे असण्याचा हक्क आहे तिथून मागे हटण्याचे कर्तव्यही उरत नाही. भांडण स्वतः उकरून काढणाऱ्याला सूट नाही, असे तोच कायदा पुढे सांगतो. अडचण पुराव्याची. रस्त्यावर एक माणूस मरून पडला की ढकलाढकलीचे कथन सांगायला बहुधा एकच जण उरतो, आणि तो दुसरे कथन सांगतो. लायसच्या लवाजम्यातला एकजण जगला तर त्यानेही एकट्या वाटसरूची टोळी केली!

आपल्या १८६०च्या दंडसंहितेनेही पळून जाण्याची सक्ती केली नव्हती. गरजेपेक्षा अधिक इजा नको आणि प्रशासनाकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा अधिकार नाही, एवढ्या मर्यादा घातल्या. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण हा सांगाडा तोच राहिला.

मौज अशी, की कायद्याने जी पायरी काढून टाकली ती अमेरिकेतले शस्त्र-प्रशिक्षक आपल्या शिष्यांसाठी परत बांधतात. गाडीत पिस्तूल असेल तर शिवी गिळा, नजर देऊ नका, काच खाली करू नका, उतरू नका, पुढचे वळण घेऊन निघून जा, कोणी पाठलाग केला तर घराकडे न जाता पोलीस ठाण्याकडे गाडी वळवा, आणि केवळ धाक म्हणून शस्त्र कधीही दाखवू नका. ज्याच्या कमरेला शस्त्र आहे त्याने प्रत्येक भांडण हरायला शिकले पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. शस्त्रे असली की समाज आपोआप अदबीने वागतो, या लोकप्रिय समजुतीच्या हे अगदी उलट आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका सर्वेक्षणात गाडीत बंदूक बाळगणाऱ्यांनी अश्लील हातवारे आणि पाठलाग केल्याची कबुली इतरांहून अधिक प्रमाणात दिली होती. बंदुकीमुळे राग येतो की रागीट माणसे बंदूक बाळगतात, हे त्यावरून सिद्ध होत नाही. कल्माषपादाच्या हातात चाबूक नसता तर तो बाजूला झाला असता का, हेही आपण सांगू शकत नाही.

ती विद्यार्थिनी आता स्वतः शिकवते. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून नीट देऊ शकेन असे वाटत नाही. पण आता हे नाटक मी त्या तिठ्यापासून शिकवायला सुरुवात करतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियास तिथून गेला, तेव्हा तिठ्याच्या अगदी मध्यभागी लायस आणि त्याचा सेवक यांच्या कबरी होत्या, वर अनघड दगडांची रास. तिथून डेल्फीकडे जाणारी वाट अधिक चढाची आणि पायी माणसाला अवघड होत जाते, असेही त्याने लिहून ठेवले आहे.