पाटा-वरवंटा : खान्देशी दगडाचा इतिहास आणि आपले आरोग्य

"पाट्यावर वाटलेले खाल्ले तर शुगर उतरते का?" "मिक्सरमध्ये अन्नातील सत्त्व जळते का?" "आयुष्यभर वाटण करूनच आईचे गुडघे गेले का?" जळगाव-धुळे भागातल्या घरांत हे प्रश्न हमखास निघतात. मिक्सर आल्यावर मागच्या अंगणात टाकून दिलेला पाटा काही जण आता पुन्हा घरात आणतात, काही नवा खलबत्ता विकत घेतात. घ्यायला हरकत नाही. पण या दगडाने आपल्या पणजी-आजीला काय दिले आणि त्यांच्याकडून काय घेतले, हे आधी समजून घ्या. वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातच आहेत.

दगड आला कुठून?

खान्देश ज्या काळ्या दगडावर वसला आहे, तो बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि थंड होऊन त्यांचा हा खडक झाला. धुळे-नंदुरबार भागात शेतांमधून लांबच लांब धावणाऱ्या, भिंतीसारख्या काळ्या दगडी रांगा तुम्ही पाहिल्या असतील. जमिनीच्या भेगांमध्ये शिरून गोठलेला तो लाव्हाच आहे.

बारीक कणांचा, घट्ट, जड आणि आंबट पदार्थ लागला तरी सहसा न विरघळणारा असा हा दगड वाटणासाठी उत्तम. पाथरवट तो घडवत आणि गावोगाव फिरणारे कारागीर पाटे-जात्यांना टाकी लावून देत. टाकी लावणे म्हणजे छिन्नीने दगडावर बारीक खाचा पाडणे. वापरून पाटा गुळगुळीत झाला की जिन्नस नुसता घसरतो, वाटला जात नाही. खाचा पाडल्या की दगडाला पुन्हा धार येते.

चार हजार वर्षांचे वाटण

गिरणाकाठचे बहाळ (चाळीसगाव तालुका), तापीकाठचे प्रकाशे आणि साक्री तालुक्यातील कावठे या ठिकाणच्या उत्खननांतून खान्देशातील शेतकरी-पशुपालकांच्या फार जुन्या वस्त्या उजेडात आल्या. त्यांपैकी सर्वांत जुन्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या. महाराष्ट्रातील याच ताम्रपाषाणयुगातील नेवासे आणि इनामगाव येथे मधे खोलगट झालेले दगडी पाटे आणि त्यांवर घासायचे दगड सापडले आहेत. त्या पाट्यावर धान्यच दळले जाई. दोन तळ्यांचे, गोल फिरणारे जाते त्या मानाने बरेच अलीकडचे. ते आल्यावर पीठ जात्याकडे गेले आणि पाट्याकडे वाटण राहिले.

वैदिक यज्ञाच्या साहित्यात 'दृषद्' आणि 'उपला' ही जोडी येते. खालचा दगड आणि वरचा दगड, म्हणजे आपला पाटा-वरवंटाच. चरकसंहितेत औषध तयार करण्याच्या पाच मूळ पद्धती सांगितल्या आहेत. त्यांतला 'कल्क' म्हणजे वनस्पती वाटून केलेला गोळा. पुढे रसशास्त्रात औषधे घोटण्यासाठी 'खल्व' आला आणि आपला 'खल' हा शब्द त्याच्याशीच नाते सांगतो. जगभर औषधाच्या दुकानांवर खलबत्त्याचे चित्र दिसते, त्याचे कारणही हेच. गोळ्यांची पाकिटे येण्याआधी औषध म्हणजे कुटलेली, वाटलेली, घोटलेली वस्तू होती.

बाळाच्या बारशाला पाळण्याखालून-वरून आधी कापडात गुंडाळलेला वरवंटा फिरवतात, हे तुम्ही पाहिले असेलच. बाळ दगडासारखे टणक व्हावे, हा त्यामागचा भाव. भाव सुंदर आहे, पण त्याच घरात बाळाला सहाणेवर उगाळलेली घुटी देऊ नका. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. उगाळताना नेमकी किती मात्रा पोटात गेली हे कोणालाच कळत नाही आणि सहाण स्वच्छ नसेल तर जंतूही सोबत जातात.

हाडांनी लिहून ठेवलेला हिशेब

सिरियात युफ्रेटिस नदीकाठी अबू हुरेरा नावाचे फार जुने शेतकरी गाव होते. तिथे सापडलेल्या सांगाड्यांचा अभ्यास लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील थेया मॉलिसन यांनी केला आणि १९९४ मध्ये तो सामान्य वाचकांसाठी मांडला. मुख्यतः बायकांच्या सांगाड्यांत त्यांना कमरेचे मणके, गुडघे आणि पायाचे अंगठे यांवर विशिष्ट प्रकारची झीज दिसली. गुडघे टेकून, पायाची बोटे मुडपून, रोज कित्येक तास पुढे-मागे होत पाट्यावर धान्य दळल्याची ती खूण होती.

याची दुसरी बाजू २०१७ मध्ये पुढे आली. मध्य युरोपातील सुरुवातीच्या शेतकरी स्त्रियांच्या दंडाचे हाड आजच्या केंब्रिजमधील स्पर्धक नावाडी मुलींपेक्षा ११ ते १६ टक्के अधिक मजबूत होते, असे संशोधकांना आढळले. दळणे, खणणे अशा रोजच्या कामाने हाड बळकट केले होते. म्हणजे एकाच प्रकारच्या कष्टाने दंड घडतो आणि गुडघा झिजतो. किती वेळ आणि कोणत्या बैठकीत, यावर सगळे ठरते.

आपल्याकडे हा भार बायकांनी गाण्यावर पेलला. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते, पण खान्देशात जात्याला ज्या नावाने ओळखतात त्या 'घरोटा'वर त्यांची कविता आहे. ओवीच्या लयीत हात चालला की श्वास आणि हालचाल जुळते, थकवा कमी जाणवतो. मात्र त्याने गुडघ्याची झीज थांबत नाही.

तेव्हा आईच्या गुडघ्यांबद्दलचे उत्तर असे : नुसत्या वाटणामुळे गुडघे जात नाहीत. वय, वजन, आनुवंशिकता, जुनी दुखापत हे सगळे त्यात असते. पण वर्षानुवर्षे उकिडवे बसून पाटा, चूल, धुणे आणि शेतातली निंदणी एकाच शरीराने केली असेल, तर त्या बैठकीचाही वाटा नक्की आहे.

पाटा की मिक्सर?

साठच्या दशकात मुंबईत 'सुमीत'सारखे देशी मिक्सर बनू लागले. खान्देशातल्या भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि काळ्या मसाल्याच्या वाटणासारखे घट्ट वाटण यंत्रातून निघू लागले आणि बायकांचे दिवसातले बरेच तास वाचले. आरोग्याच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे.

चवीतला फरक मात्र खरा आहे. मिक्सरचे पाते जिन्नस कापते, पाटा तो चिरडतो. चिरडल्याने तेले आणि वास वेगळ्या रीतीने सुटतात, शिवाय पाणीही कमी लागते. 'मिक्सरच्या उष्णतेने सत्त्व जळते' या म्हणण्यात फारसा अर्थ नाही, कारण तेच वाटण पुढच्या मिनिटाला मिक्सरपेक्षा कितीतरी गरम तेलात पडते. शुगरचे म्हणाल, तर धान्य भरड असेल तेव्हा ते थोडे सावकाश पचते. पण भाजीतल्या दोन चमचे मसाल्याने मधुमेह हलत नाही. शेवभाजीतली शेव आणि वर तरंगणारी तर्री किती, हे बघा. गोळ्या बंद करू नका.

घरात पाटा किंवा खलबत्ता असेल तर

१. दगड पारखून घ्या. काळा, जड आणि पृष्ठभागावर छिद्रे नसलेला घ्या. ओला करून पांढऱ्या कापडाने पुसल्यावर काळा रंग लागत राहिला, तर तो परत करा. कोपऱ्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. फसफसले तर तो संगमरवर किंवा चुनखडी आहे, चिंच-लिंबासाठी तो चालणार नाही.

२. कच काढा. नवा किंवा नुकतीच टाकी लावलेला पाटा ब्रशने घासून धुवा. मग मूठभर तांदूळ वाटून टाकून द्या. पीठ पांढरेशुभ्र आणि बोटांना खरखर न लागणारे होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा. कच रोज दातांखाली आली की दात झिजतात, मोठा कण आला तर दाताचा टवका उडतो.

३. धुवा आणि वाळवा. वाटण झाल्याबरोबर गरम पाण्याने घासा, पाटा उभा करून कोरडा होऊ द्या, शक्य असेल तेव्हा ऊन दाखवा. शेंगदाणे किंवा खोबऱ्याचा अंश खाचांत राहिला तर बुरशी धरते. बुरशीचा वास आलेले वाटण टाकून द्या. शेंगदाण्यावरच्या काही बुरशींचे विष यकृताला घातक असते आणि शिजवल्याने ते पूर्ण जात नाही.

४. जुन्या जात्याचा खुंटा तपासा. १९८२ च्या सुमारास पॅलेस्टाइनच्या वेस्ट बँक भागातील खेड्यांत पोटदुखी आणि रक्तक्षयाचे रुग्ण निघाले. दगडी गिरणीचे भाग पक्के करण्यासाठी ओतलेले शिसे पिठात उतरत होते. तुमच्या जात्यात किंवा खलात दुरुस्तीसाठी करड्या, मऊ धातूचा रस ओतलेला दिसला, तर ते शोभेपुरते ठेवा.

५. बैठक बदला. पाटा मजबूत ओट्यावर कंबरेच्या उंचीला ठेवा आणि उभ्याने वाटा. गुडघेदुखी असेल तर उकिडवे बसणे टाळा. एका वेळी थोडेच वाटा. खलबत्त्याखाली जाड फडके ठेवा. वरवंटा मुलांच्या हाताला लागणार नाही असा, खाली आडवा ठेवा. पायावर पडला तर बोट मोडते.

६. मिरचीची आग. ठेचा वाटल्यावर हात झोंबत असतील तर आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा. मिरचीतला तिखट घटक तेलात विरघळतो, नुसत्या पाण्याने निघत नाही. तोवर डोळ्यांना हात लावू नका.

रोजच्या वाटणाला मिक्सर असू द्या आणि ठेच्याला, चटणीला, सणावारी मसाल्याला पाटा. आणि पाटा काढलाच, तर वाटायला घरातल्या पुरुषांनीही बसावे. चार हजार वर्षे हे काम एकाच बाजूच्या गुडघ्यांनी केले आहे.