मरीन ड्राइव्ह : एका फसलेल्या योजनेची देणगी

मुंबईला गेलेला पाहुणा मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर घटकाभर टेकल्याशिवाय सहसा परतत नाही. पण तो कठडा मुळात त्याच्यासाठी बांधलेला नव्हता, हे आपल्या ध्यानी येत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत जागेची टंचाई भासू लागली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांच्या कारकीर्दीत बॅक बेचा समुद्र हटवून, आठ विभागांत सुमारे ११४५ एकर जमीन काढावयाची आणि ती विकून खर्च भरून काढावयाचा, असा बेत झाला. पण भराव वाहून जाऊ लागला, खर्च फुगत गेला. खुर्शेद फ्रामजी नरीमन ह्यांनी ह्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. योजनेवरील इंजिनियर हार्वे ह्यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला; नरीमन निर्दोष सुटले. अखेर आठांपैकी चारच विभाग पुरे झाले.

त्या तुकड्यावर १९३० नंतर गोलाईच्या गच्च्यांची घरे उठली. २०१८ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात स्थान दिले. ही घरे पैसेवाल्यांची झाली. समोरचा कठडा मात्र सर्वांचा राहिला. पहाटे फिरावयास येणारे वृद्ध, दुपारी सावली शोधणारे विद्यार्थी, सायंकाळी शहराकडे पाठ करून बसलेली जोडपी, चणे-शेंगदाण्याच्या पुड्या विकणारी पोरे, पहिल्या पावसात लाटांचे तुषार अंगावर घेणारी कुटुंबे, ह्यांपैकी कोणालाही तेथे तिकीट पडत नाही.

टोकाची गिरगाव चौपाटी तर त्याही आधीपासून लोकांची. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांना अग्नी दिला तो तेथेच, आणि अनंत चतुर्दशीला गणरायाला निरोप देण्यास मुंबई लोटते तीही तेथेच.

पुढे स्वातंत्र्योत्तर काळात दक्षिणेकडे आणखी भराव पडला, उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि त्या भूमीला नाव मिळाले नरीमन पॉइंट! भरावाच्या कारभारावर ज्याने कोरडे ओढले, त्याचेच नाव भरावाला मिळाले. मार्च २०२४ मध्ये किनारी रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला आणि समुद्र पुन्हा थोडा मागे सरला.

मुंबईत जमिनीचा भाव फुटावर ठरतो. त्या शहरात ज्याचा भाव होऊ शकत नाही अशी ही एक जागा उरली आहे. समुद्र हटवून नवी जमीन काढण्याचा बेत निघेल तेव्हा आपण एवढेच विचारावे : त्यात बसावयास कठडा किती, आणि तो कोणाचा?